रोज आठ ओढणारा व्यसनी आणि पंधरा ओढणारा नाही? हे गणित कुणीतरी समजावा

बाल्कनीतला | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, अक्कलदाढ काढायची आहे. त्यासाठी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. सोबत मित्र होता. बाईंनी विचारलं, "सिगरेट?" मी म्हटलं, "थोडीशी." "थोडीशी म्हणजे किती?" "सात-आठ." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एक कागद पुढे सरकवला. सहा प्रश्न. दाढ काढल्यावर निदान तीन दिवस धूर बंद ठेवावा लागतो, नाहीतर जखमेतली रक्ताची गुठळी निघून जाते आणि हाड उघडं पडतं म्हणे. ते तीन दिवस मला कितपत जमतील हे त्यांना आधी बघायचं होतं.

प्रश्न असे: उठल्यावर किती वेळाने पहिली पेटवता? जिथे बंदी आहे तिथे न ओढता राहणं जड जातं का? कुठली सिगरेट सोडणं सगळ्यात कठीण? दिवसाला किती? उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जास्त ओढता का? आजारी पडून अंथरुणावर असतानाही ओढता का?

मला दहापैकी सात. मित्राने बसल्या बसल्या टाइमपास म्हणून भरला, त्याला एक. एक! हा माणूस दिवसाला पंधरा ओढतो. माझ्याच्या जवळजवळ दुप्पट. तरी बाईंच्या कागदावर 'अवलंबित्व जास्त' मी, आणि तो 'अगदी कमी'. गाडीत बसल्यापासून त्याने माझं जे काही केलंय ते इथे लिहीत नाही.

एवढं कबूल करतो की माझी पहिली उठल्या उठल्या असते. गॅसवर दूध ठेवायचं, बाल्कनीत जायचं, तुळशीच्या कुंडीमागे पाकीट आणि काडेपेटी. दूध वर यायच्या आत सिगरेट संपते. बायको म्हणते, तुळशीला सकाळचा धूप बरा मिळतो. पण म्हणून मी जास्त व्यसनी कसा?


मिसळीत_फरसाण | सोमवार, रात्री ११:०५

पहिला नंबर माझा. मित्राला म्हणावं फॉर्म फ्रेम करून घरी लाव.


स्टेथो_खिशात | सोमवार, रात्री ११:४८

धागाकर्ते, तुम्हाला दिलेली ती फागरस्ट्रॉम चाचणी. कार्ल-ओलोव फागरस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये आठ प्रश्नांची एक यादी केली होती. १९९१ मध्ये ती सुधारून सहा प्रश्नांची झाली, तीच आज जगभर वापरतात. गुण शून्य ते दहा. दोनपर्यंत अगदी कमी, सहापासून पुढे जास्त, आठपासून पुढे फारच जास्त.

तुमची बेरीज मांडून बघा. पाच मिनिटांच्या आत पहिली: ३. बंदीच्या जागी जड जातं: १. सकाळची सोडवत नाही: १. सकाळी जास्त: १. तापातही ओढता: १. आणि दिवसाला दहापर्यंत असेल तर: ०. झाले सात. तुमच्या आठ सिगरेटींना या चाचणीत एकही गुण नाही. मित्राच्या पंधरांना मिळून एकच.

मग सकाळीच एवढं काय आहे? निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्री अकराला शेवटची ओढलीत, सातला उठलात. आठ तास म्हणजे चार वेळा निम्मं, म्हणजे सोळावा हिस्सा उरला. रोज रात्री प्रत्येक ओढणाऱ्याचा नकळत उपास घडतो. उठल्यावर तो उपास किती मिनिटं चालवून घेता, हे शरीराने दिलेलं उत्तर असतं. त्यात बढाई मारता येत नाही आणि लाजही आड येत नाही. आकड्याचं तसं नाही. आकडा पगारावर, बॉसवर, बायकोवर आणि पानवाला किती लांब आहे यावर ठरतो. शिवाय एकच सिगरेट दोन माणसं सारखी ओढत नाहीत. एक वरवर फुंकतो, दुसरा बोटाला चटका बसेपर्यंत खोल ओढून छातीत धरून ठेवतो. आणि यकृतातलं एक विकर (एन्झाइम) काहींचं जन्मतःच मंद असतं. त्यांच्यात निकोटीन जास्त वेळ टिकतं, म्हणून त्यांचं कमी सिगरेटींत भागतं.

नुसते दोनच प्रश्न विचारायची सोय असेल, तर उठल्यावर पहिली किती वेळाने आणि दिवसाला किती, एवढ्यावरही काम भागवतात.

मात्र एक लक्षात ठेवा. ही चाचणी म्हणजे रोगनिदान नव्हे. ती पकड किती घट्ट आहे ते मोजते. निदानाचे निकष वेगळे, आणि त्यात तुमचा मित्र सुटेलच असं नाही. ते उद्या लिहितो, आज ड्युटी आहे.


जुना_खोडकर | मंगळवार, सकाळी ७:३०

डॉक, तुमचं सोळाव्या हिश्शाचं गणित छान आहे, पण आमच्या घरी चालत नाही. वडील ८१ वर्षांचे, पहाटे पाचपासून व्हरांड्यात. त्यांच्यासमोर मी आजवर पेटवलेली नाही. आंघोळ, पूजा, नाश्ता उरकून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावर पहिली. उठल्यापासून दीड तास. म्हणजे मला शून्य? डोळे उघडल्यापासून डोक्यात तेवढंच असतं हो. पूजेत मंत्र चुकतात.


स्टेथो_खिशात | मंगळवार, दुपारी २:१५

खोडकरबुवा, तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर. ही चाचणी जिथे बनली तिथे माणूस एकटा उठतो आणि स्वतःच्या खिडकीत ओढतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर ओढायची नाही हा दंडक. म्हणून मी पेशंटला दुसराही प्रश्न विचारतो: घरी कुणी नसतं, गावाला एकटे असता, तेव्हा पहिली कधी?

आता निदानाकडे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानसंहितेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्यात 'तंबाखू वापर विकार' आहे. अकरा लक्षणं, बारा महिन्यांचा काळ. दोन-तीन जुळली तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. ठरवल्यापेक्षा जास्त ओढणं, सोडायचे प्रयत्न फसणं, तलफ येणं, तब्येत बिघडते हे कळूनही चालू ठेवणं, बंद केल्यावर चिडचिड-बेचैनी-भूक-झोपमोड होणं वगैरे. यातली तलफ ही २०१३ मध्येच नव्याने घातली. त्याआधी ती यादीत नव्हतीच, विश्वास बसतो का?

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत वेगळी. तिच्या रोगवर्गीकरणाच्या (आयसीडी) जुन्या दहाव्या आवृत्तीत सहापैकी तीन लक्षणं वर्षभरात एकत्र दिसली की अवलंबित्व. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ती तीन गटांत बसवली आहेत: ताबा सुटणं, आयुष्यात इतर गोष्टींपेक्षा तंबाखूला वरचं स्थान मिळणं, आणि शरीराची खूण, म्हणजे सहनशक्ती वाढणं किंवा बंद केल्यावर त्रास. तीनपैकी दोन पुरे.

डीएसएमच्या अकरामधली सगळी तंबाखूला नीट बसत नाहीत, ही त्या यादीतली मला वैयक्तिक न पटणारी गोष्ट. दारूने माणूस कामावर जायचा बंद होतो. सिगरेटने कोण होतो? उलट सिगरेटवाला ऑफिसात सगळ्यांच्या आधी हजर, कारण खाली टपरी आहे.

धागाकर्ते, मित्राला चार प्रश्न विचारून बघा. सोडायचा प्रयत्न किती वेळा केला? ठरवलेल्यापेक्षा जास्त होते का? तलफ येते का? खोकला असताना चालू असते का?


शब्दवेल्हाळ | मंगळवार, रात्री ९:२०

इथे सगळे 'व्यसन' म्हणताहेत, पण मराठीत या रस्त्यावर किती थांबे आहेत बघा. आधी चव, मग चटक, मग सवय, मग नाद, मग व्यसन. आणि तलफ हा शब्द तर अडकित्त्यासारखा बसतो. भूक लागते, तहान लागते, झोप येते, तलफही 'येते'. तिला आपण नकळत शरीराच्या गरजांच्या रांगेत बसवून टाकलं आहे.

शब्दांवरून इंग्रजीतही मोठं रामायण झालं. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारी आरोग्यप्रमुखाचा, धूम्रपानावरचा गाजलेला अहवाल आला. फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण सिगरेट, हे त्याने ठणकावलं, पण व्यसन म्हणायची वेळ आली तेव्हा 'ही सवय आहे' म्हणून थांबला. त्या काळच्या व्याख्येत व्यसन म्हणजे नशा चढणं, समाजाला उपद्रव. सिगरेट ओढून कुणी गटारात पडत नाही, मग व्यसन कसं? १९८० मध्ये डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत 'तंबाखू अवलंबित्व' पहिल्यांदा आलं, १९८७ मध्ये त्याचं 'निकोटीन अवलंबित्व' झालं आणि १९८८ मध्ये सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांच्या अहवालाने सरळ लिहिलं, की तंबाखू व्यसन लावते, ते लावणारं द्रव्य निकोटीन, आणि ही प्रक्रिया हेरॉइन-कोकेनसारखीच.

तरी १९९४ मध्ये सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन संसदेच्या समितीपुढे शपथ घेऊन एकामागून एक सांगत होते, की आमच्या मते निकोटीनचं व्यसन लागत नाही. सातही जण. व्याख्या कुणाला महाग पडते ते तिथे दिसतं. 'सवय' म्हटलं की दोष ओढणाऱ्याच्या निग्रहाचा, 'व्यसन' म्हटलं की विकणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं.


चुलीजवळची | बुधवार, सकाळी ११:१०

सगळे सिगरेटवरच बोलताय म्हणून लिहिते. आमची आजी मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, जात्यावर दळायची, डबीत भरायची. भाजताना सगळ्या घरात ठसका. उठली की पहिलं बोट डबीत. मिश्री लावल्याशिवाय तिला पोट साफ व्हायचं नाही. दिवसातून पाच-सहा वेळा ओट्यावर उकिडवी बसून, पदराने तोंड पुसत.

आजोबांच्या विडीला सगळे व्यसन म्हणायचे, आजीच्या मिश्रीला कुणीच नाही. कारण ते दात घासणं होतं! एकादशीला ती पाण्याशिवाय काही घ्यायची नाही, पण मिश्री चालू. "मिश्रीनं उपास मोडत नाही." आज डॉक्टरांचं वाचून लक्षात आलं, की तिचा उपास मोडत नव्हता हेच तर निदान होतं.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. त्यांच्यासाठी अशी चाचणी आहे का कुणाला माहीत आहे?


स्टेथो_खिशात | बुधवार, दुपारी ३:४०

आहे, ताई. फागरस्ट्रॉमचीच बिनधुराच्या तंबाखूसाठी बदललेली आवृत्ती. उठल्यावर किती वेळाने हा प्रश्न तसाच आहे, शिवाय 'रस मुद्दाम गिळता का' असा एक आहे. पण मिश्रीवालीला "तंबाखू खाता का?" विचारलं तर ती नकारार्थी मान हलवते, आणि खरंच बोलत असते. "दात कशाने घासता?" असं विचारावं लागतं. हे मला एका सिस्टरांनी शिकवलं, कॉलेजने नाही.


उत्तरेकडचा_वारा | बुधवार, रात्री १२:३०

स्वीडनहून. फागरस्ट्रॉमच्या गावचा नाही, पण देशचा रहिवासी म्हणून दोन ओळी. इथे स्नूस नावाचा प्रकार आहे, तंबाखूची ओलसर पुडी वरच्या ओठाखाली ठेवतात. आपल्याकडे खालच्या ओठात, इथे वरच्या. डबीच्या झाकणात वापरलेली पुडी टाकायला वेगळा कप्पा असतो, त्यामुळे थुंकणं नाही. बाकी युरोपीय संघात त्याच्या विक्रीला बंदी, स्वीडनला १९९५ मध्ये सामील होताना सूट मिळाली. माझा टीमलीड मीटिंगमध्ये बोलता बोलता पुडी बदलतो. पहिल्या दिवशी मला आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर आल्यासारखं वाटलं.

शीर्षकाबद्दल एक: फागरस्ट्रॉमने स्वतःच २०१२ मध्ये आपल्या चाचणीचं नाव बदललं. 'निकोटीन अवलंबित्व' काढून 'सिगरेट अवलंबित्व'. त्याचं म्हणणं, माणूस नुसत्या निकोटीनला बांधला गेलेला नसतो, नाहीतर निकोटीनच्या च्युइंगगमचीही तेवढीच तलफ आली असती. धूर ओढला की निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, शिवाय घशाला बसणारा तो ठोसा, काडीचा वास, हाताचा चाळा, सगळं एकत्र गुंफलेलं.


सुट्टी_एक_द्या | गुरुवार, दुपारी १:०५

मी २२. फक्त शनिवारी ग्रुपमध्ये, तेही दोन-तीन. पाकीट आयुष्यात विकत घेतलं नाही, नेहमी सुट्टी. (हो, महाराष्ट्रात सुट्टी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्याला सांगून बघा.) चाचणीत शून्य आलं. मी सेफ ना?


जुना_खोडकर | गुरुवार, दुपारी १:२०

मीही २२ व्या वर्षी शनिवारचाच होतो.


स्टेथो_खिशात | गुरुवार, रात्री १०:००

सुट्टीवाले, तुमच्यासाठी वेगळी पट्टी आहे. जोसेफ डिफ्रांझा या अमेरिकन डॉक्टरने शाळकरी मुलांचा अभ्यास केला आणि दहा हो-नाही प्रश्नांची यादी केली. कधी सोडायचा प्रयत्न करून जमलं नाही असं झालंय का, इथपासून सुरुवात. दहापैकी एकाला जरी 'हो' आलं, तर ताबा निसटायला लागला, असं तो मानतो. काही मुलांना रोज ओढायला लागण्याच्या कितीतरी आधी, अधूनमधून ओढत असतानाच ही लक्षणं दिसली होती.

उलटही खरं आहे. वर्षानुवर्षं रोज जास्तीत जास्त पाच सिगरेटी ओढणारी आणि बंद केल्यावर काहीच त्रास न होणारी माणसं असतात. सॉल शिफमन या संशोधकाने त्यांच्यावर बरंच काम केलं. पण ती थोडी, आणि आपण त्यातले आहोत असं वाटणारी खूप. पुढचे चार शनिवार नुसते जाऊ द्या आणि पाचव्याला इथे येऊन लिहा.


कागदपत्र_पूर्ण | गुरुवार, रात्री १०:४५

विम्याच्या धंद्यातला माणूस. टर्म पॉलिसीच्या मेडिकलमध्ये कोटिनीन, म्हणजे निकोटीनची शरीरातली खूण, बघतात, हे अनेकांना माहीत नसतं. फॉर्मवर 'धूम्रपान नाही' आणि लघवीत कोटिनीन, की प्रीमियम वाढलाच. त्यावरून व्यसन ठरतं का डॉक?


स्टेथो_खिशात | गुरुवार, रात्री ११:०२

नाही. निकोटीन शरीरात मोडून कोटिनीन होतं, ते साधारण सोळा तासांनी निम्मं होतं, म्हणून काही दिवस सापडतं. पण ते फक्त निकोटीन आत गेलं एवढंच सांगतं. निकोटीनचा गम चघळणाराही त्यात सापडतो. फुंकायच्या मीटरवर कार्बन मोनॉक्साइड दिसतो, तो धुराचा. दोन्ही यंत्रं 'घेतलं का' सांगतात. 'न घेता राहवतं का' हे माणसालाच विचारावं लागतं.


बाल्कनीतला | शुक्रवार, सकाळी ९:१५

मित्राला चारही प्रश्न विचारले. सोडायचे प्रयत्न: दर ३१ डिसेंबरला, सहा वर्षं. ठरवल्यापेक्षा जास्त: "ऑफिसात पाचच ठरलेल्या असतात रे." तलफ: जेवणानंतर आणि बॉसचा फोन ठेवल्यावर. खोकला: दोन महिने आहे, चालू आहे. चारपैकी चार. मी म्हटलं, अभिनंदन, मध्यम! त्याने फोन ठेवला.

आज अकराला दाढ. काल बाईंकडे मीटर फुंकला, १४ आला. दहाच्या वर म्हणजे नक्की ओढणारा, हल्ली सहालाच धरतात म्हणाल्या. गम चघळायचा प्रश्नच नाही, दंडावर निकोटीनची पट्टी लावून दिली आहे.


चुलीजवळची | शुक्रवार, सकाळी ९:४०

शुभेच्छा दादा. आइस्क्रीम खा, पण स्ट्रॉने काही पिऊ नका. ओढण्याची क्रिया तीच.


स्टेथो_खिशात | शुक्रवार, दुपारी १२:१०

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, मग उतरतं. काही वेळा तीन-चार आठवडे कुरकुर राहते. एकटं वाटलं तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.


बाल्कनीतला | रविवार, रात्री ९:३५

दाढ निघाली. ५८ तास झाले. मोजतोय यावरूनच काय ते समजा.

शनिवारी पहाटे ४ ला जागा झालो तो झोपलोच नाही. मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून ओरडलो, आणि नंतर लक्षात आलं की त्याने कमी केला होता. दूध दोन्ही दिवस उतू गेलं. किती वेळात वर येतं हे मला घड्याळाने माहीतच नव्हतं, सिगरेटीने माहीत होतं.

तोंडात टाके, दंडावर पट्टी, निकोटीन थोडं जातच आहे, तरी आज संध्याकाळी भलतंच झालं. बायकोने कुंडीमागची काडेपेटी देवघरात नेऊन ठेवली आहे. दिवा लावायला गेलो, काडी ओढली, आणि त्या वासासरशी तोंडाला पाणी सुटलं. अक्षरशः. वरती स्वीडनवाल्यांनी लिहिलेलं आठवलं. दिवा लावला, काडी विझवली आणि ती हातात धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. बायकोने विचारलं, "आज एवढा वेळ काय मागताय देवाकडे?"

उद्या नऊला दाखवायला जायचंय. मीटर परत फुंकायला लावणार आहेत. मित्राचा मघाशी मेसेज आला, "तिथे मलाही फुंकू देतील का?"